आंतरजालीय आज्ञावलीची पुनर्रचना

आंतरजालावरून वापरावयाच्या संगणकीय आज्ञावलीचे कार्य न बदलता तिची अंतर्गत रचना सुबोध करणे आणि तिचे पडद्यावरील रूप सुसंगत करणे, या प्रक्रियेस तिची पुनर्रचना म्हणतात.

दीर्घकाळ वापरात असलेल्या आज्ञावलीत वेळोवेळी भर पडत जाते. एकच आकडेमोड अनेक ठिकाणी लिहिली जाते आणि एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे दोष निर्माण करते. अशा वेळी पुनरावृत्त भाग एकत्र करतात, लांबलचक भागांचे एकेक काम करणारे लहान विभाग पाडतात आणि निरुपयोगी भाग काढून टाकतात. प्रत्येक बदलानंतर पूर्वीच्याच चाचण्या पुन्हा घेऊन फलित तेच येते याची खात्री करतात. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात या पद्धतीचे शास्त्रीय विवेचन केले. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे ती सर्वत्र रूढ झाली.

दृश्य रूपाच्या बाबतीत आशय व स्वरूप यांची फारकत हे मुख्य तत्त्व होय. पृष्ठाचा आशय ‘एचटीएमएल’मध्ये, तर रंग, अक्षरांचा आकार, समास इ. गोष्टी ‘सीएसएस’ या स्वतंत्र शैलीपत्रात लिहितात. शैलीपत्राचे पहिले प्रमाणित रूप १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे शेकडो पृष्ठांचे स्वरूप एका ठिकाणी बदलता येते. देवनागरीसाठी दोन ओळींमधील अंतर पुरेसे ठेवावे लागते. अन्यथा मात्रा, रफार व उकार एकमेकांत गुंततात.

महाराष्ट्रात दृश्य पुनर्रचनेचे परिचित उदाहरण सातबारा उताऱ्याचे आहे. ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर नाशिक विभाग निवडून जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक दिल्यास उतारा पाहता येतो. तो केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचे उतारे १ मे २०१८ पासून मिळू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने उताऱ्याच्या स्वरूपात बदल मंजूर केले. गावाच्या नावासोबत सांकेतिक क्रमांक आला. लागवडयोग्य व पोटखराब क्षेत्र वेगवेगळे दाखवून त्यांची बेरीज देण्यात आली. ‘इतर हक्क’ रकान्यातील खाते क्रमांक खातेदाराच्या नावासोबत आला आणि दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली. जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात गेले. मयत खातेदार किंवा फेडलेला कर्जाचा बोजा यांची कमी झालेली नोंद पूर्वी केवळ कंसात दाखविली जाई. आता तीवर आडवी रेघही येते. कंस नजरेतून सुटल्यास फेडलेले कर्ज बाकी असल्याचा समज होण्याचा जो संभव होता, तो यामुळे कमी झाला.

यावरून पुनर्रचनेची मर्यादाही स्पष्ट होते. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागाईतदारास पीककर्जासाठी हाच उतारा लागतो. स्वरूप बदलताना एखादे नाव गळाले किंवा क्षेत्राचा दशांश सरकला, तर उतारा दिसण्यास सुबक असूनही त्याच्या हक्कास बाध येतो. म्हणून जुन्या व नव्या उताऱ्यांतील नावे, क्षेत्र व बोजे यांचा ताळा जुळणे हीच अशा कामाची खरी कसोटी होय. चुकीच्या मूळ नोंदी मात्र पुनर्रचनेने सुधारत नाहीत. त्यांसाठी महसूल कायद्यानुसार स्वतंत्र कार्यवाही करावी लागते.