चलथाण परिसरातील युवक-युवतींची बेरोजगारी : एक विवेचन

प्रस्तावना :

चलथाण हे गाव सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. याच मार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील मराठी व अहिराणी भाषिक कुटुंबे अनेक वर्षांपासून कामाच्या शोधात सुरतेकडे येत राहिली. चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. शेजारच्या कडोदरा-पलसाणा पट्ट्यात कापडाच्या गिरण्या, रंगाई-छपाईचे कारखाने व यंत्रमाग आहेत. अशा ठिकाणी तरुणांच्या बेरोजगारीचा प्रश्न उपस्थित करणे वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु येथे काम कोणास मिळते आणि केलेले काम कोणाच्या नावावर मोजले जाते, हे पाहिल्यास चित्र बदलते.

बेरोजगार कोणास म्हणावे?

काम नाही म्हणून प्रत्येक जण बेरोजगार ठरत नाही. जो काम शोधत आहे किंवा काम मिळाल्यास करण्यास तयार आहे, त्याचीच गणना बेरोजगारांत होते. बेरोजगारीचा दर काढताना भाजक असतो तो श्रमशक्तीचा, म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे यांचा. जी तरुणी घरकामात आहे व काम शोधत नाही, ती या हिशेबात कोठेच येत नाही.

समजा, एका वस्तीत १०० तरुण व १०० तरुणी आहेत. तरुणांपैकी ५४ जण कामावर असून ६ जण काम शोधत आहेत. म्हणजे ६० पैकी ६, दर १० टक्के. तरुणींपैकी २२ कामावर, ३ कामाच्या शोधात; २५ पैकी ३, दर १२ टक्के. दोन्ही दरांतील फरक अवघा दोन टक्क्यांचा. प्रत्यक्षात मात्र कामावर ५४ तरुण आहेत आणि तरुणी केवळ २२. केवळ दर पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो १०.२ टक्क्यांवर आला. त्याच काळात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला. ही वाढ मोठी आहे, पण तिचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन मदतनीस म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. त्या बेरोजगार नाहीत हे खरे, पण त्यांच्या हाती पगारही पडत नाही.

शहरी तरुणींची स्थिती याहून वेगळी आहे. २०२३-२४ मध्ये शहरी तरुणांमध्ये बेरोजगारी १२.८ टक्के, तर शहरी तरुणींमध्ये २०.१ टक्के होती. ग्रामीण भागात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. याचे कारण ग्रामीण तरुणीला काम सहज मिळते असे नव्हे. ती घरच्या कामात सामावली जाते, एवढेच.

कोयता आणि घरातले काम :

दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांचा ऊस तोडण्यासाठी दरवर्षी डांग, नंदुरबार, धुळे भागांतून मजूर येतात. मजुरीचे एकक असते ‘कोयता’, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो. बायको पाला काढते, मोळी बांधते. मजुरी टनावर ठरते आणि उचल मुकादमाकडून पुरुषाच्या हाती जाते. अठरा-वीस वर्षांची मुलगी हंगामभर शेतात राबते, परंतु तिच्या श्रमाची स्वतंत्र किंमत कोणत्याही कागदावर येत नाही. हंगाम संपला की दोघेही रिकामे. तथापि गावी परतल्यावर काम शोधतो तो नवरा. बायको घरकामात धरली जाते.

कापड उद्योगातही हीच रीत आहे. यंत्रमागावर बारा तासांच्या पाळ्या चालतात व तेथे बहुतांशी पुरुष काम करतात. स्त्रियांच्या वाट्याला येते ते घरी आणलेले काम : साडीला लेस लावणे, टिकली व खडे चिकटवणे, धागे कापणे. मोबदला नगावर. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात, काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया घरातच काम करतात, तर सर्व स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५१ टक्के आहे, असे नमूद केले होते. हे काम म्हणजे रोजगारच होय. मात्र त्यात हजेरीपट नाही, भविष्य निर्वाह निधी नाही आणि पुढच्या नोकरीसाठी दाखवता येईल असा अनुभवाचा दाखलाही नाही.

शिक्षणाने हा प्रश्न सुटतो काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर निरक्षर तरुणांत ती ३.४ टक्के. निरक्षरास थांबणे परवडत नाही. पदवीधर काही काळ थांबू शकतो. मुलाच्या बाबतीत घरचे लोक हे थांबणे सहन करतात. मुलीच्या बाबतीत थांबण्याचा काळ लग्न ठरेपर्यंतच असतो, व त्यानंतर ती काम शोधणाऱ्यांच्या यादीतूनही वगळली जाते.

लग्नानंतर वेळेचा प्रश्न उभा राहतो. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तास घरात गेल्यावर कडोदऱ्याच्या गिरणीतील बारा तासांची पाळी कोणत्या स्त्रीला जमणार? मग खड्यांचे पाकीट घरी येते, आणि ते ज्या आठवड्यात येत नाही त्या आठवड्यात ती काम शोधायला बाहेर पडत नाही. पुढच्या पाकिटाची वाट पाहते.