जोयड्यात आरोग्य विमा कोणाला?

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या तालुक्यात विम्याचा बाजार नाही. घरात रेशनकार्ड कोणतं, यावर बरंचसं ठरतं. २०१८ पासूनच्या 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या दराच्या ३० टक्केच मदत, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत.

आपणहून नाव नोंदवायचं, हप्ता भरायचा, अशी योजना म्हणजे 'यशस्विनी'. २००३ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये बंद पडली, २०२२-२३ मध्ये पुन्हा आली. तिची वाट सहकारी सोसायटीतून जाते. सभासद नसाल तर नोंदणी नाही. खेड्यातल्या चार जणांच्या कुटुंबाला ५०० रुपये. अनुसूचित जाती-जमातींचा हप्ता सरकार भरतं.

गंमत इथेच आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाचे लोक २००३ पासून अनुसूचित जमातीत, म्हणून त्यांना हप्ता नाही. त्याच रानात राहणाऱ्या कुणब्याला मात्र ५०० रुपये मोजावे लागतात. जमातीचा दर्जा मिळावा ही त्याची मागणी जुनी आहे. घाट उतरून गोव्यात गेलं की कुणबी अनुसूचित जमातीत, तेही २००३ पासूनच.