जळालेल्या घराची साक्ष



आजचा विषय मन जड करणारा आहे. पण तो टाळून चालण्यासारखा नाही. समजा, गावाच्या कडेला एक घर आहे. घरात एक माणूस एकटाच राहतो. पहिल्या बायकोशी त्याची काडीमोड झालेली. पुढं दुसरीशी संसार मांडला, तीही भांडून माहेरी निघून गेली. एका रात्री त्या घराला आग लागते. लोक घागरी-बादल्या घेऊन धावतात, पण तोवर आढं कोसळलेलं असतं. पहाटे राखेत त्या माणसाचं प्रेत सापडतं.

आणि मग काय होतं, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. ऊन वर यायच्या आत पारावर निकाल लागतो. एक म्हणतो, "पहिलीनंच केलं, तिनं डूख धरला होता." दुसरा म्हणतो, "छे, दुसरीच्या भावानं बाजारात सगळ्यांदेखत धमकी दिली होती." तिसरा म्हणतो, "काही नाही हो, बिडी ओढता ओढता डोळा लागला असेल." तिघंही छातीठोकपणे बोलतात. पण तिघांपैकी एकानंही त्या राखेकडे नीट पाहिलेलं नसतं.

अशा मृत्यूचा तपास नीट करायचा तर त्याचा एक क्रम आहे. आधी देह, मग घर, आणि त्यानंतर माणसं. पारावर हा क्रम नेमका उलटा होतो, आणि तो उलटा झाला की कधी गुन्हेगार मोकळा सुटतो, तर कधी निरपराध माणूस फासाच्या दोरीपर्यंत जातो. दोन्ही गोष्टी जगात घडलेल्या आहेत. त्याच आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट फार जुनी, चीन देशातली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तिथं वू नावाचं राज्य होतं. त्या राज्यात चांग च्यू नावाचा एक न्यायाधिकारी होता. त्याच्यापुढं एक फिर्याद आली. घर जळालं होतं आणि घरधनी त्यात मेला होता. बायको म्हणत होती की नवरा आगीत सापडून मेला. नवऱ्याच्या नातलगांना संशय होता की तिनं त्याला आधी मारलं आणि मागाहून घर पेटवून दिलं. ती काही केल्या कबूल होईना.

चांग च्यूनं काय केलं? दोन डुकरं मागवली. एक आधी मारलं, दुसरं जिवंत ठेवलं. लाकडं रचून दोन्ही जाळली. मग दोघांची तोंडं उघडून पाहिली. जिवंत जळालेल्या डुकराच्या तोंडात राख होती, आधी मारलेल्याच्या तोंडात नव्हती. प्रयोग क्रूर खराच, पण त्यातला विचार पाहा. जिवंत प्राणी आगीत श्वास घेतो आणि धूर-राख आत ओढतो. मेलेला श्वास घेत नाही. नंतर त्यानं त्या मयत नवऱ्याचं तोंड तपासलं. आत राख नव्हती. तेव्हा बायकोनं गुन्हा कबूल केला, अशी ही कथा चिनी न्यायकथांच्या संग्रहांत नोंदलेली आहे.

पुढं १२४७ साली सुंग त्झ नावाच्या चिनी न्यायाधिकाऱ्यानं प्रेतपरीक्षेवर एक ग्रंथच लिहिला. त्यात त्यानं हाच नियम घातला, आणि आणखी एक बारकावा टिपला. मेल्यावर जाळलेल्या माणसाचेही हातपाय आखडलेले असू शकतात, तेवढ्यावरून फसू नका, तोंडात काजळी आहे का ते पाहा, असं त्याचं सांगणं.

हा बारकावा आपल्यालाही उपयोगी आहे. जळालेलं प्रेत पुष्कळदा हात कोपरात वाकवून, मुठी आवळून पडलेलं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, याची कोणाशी तरी झटापट झाली. तसं काही नसतं. उष्णतेनं स्नायू आखडतात, त्यामुळं हात वर ओढले जातात. कातडी तडकून पडलेल्या भेगा सुरीच्या घावासारख्या दिसतात. कवटीसुद्धा उष्णतेनं फुटू शकते. घाव कोणता आणि भेग कोणती, हे ओळखणं डॉक्टरचं काम आहे. पारावरच्या मंडळींचं नव्हे.

आजचा डॉक्टर नुसतं तोंड पाहून थांबत नाही. श्वासनलिका उघडून काजळी किती खोल गेली आहे ते पाहतो. शिवाय रक्त तपासतो. कोंदट जागेत आग धुमसली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवी प्राणवायू वाहून नेतं. पण ते या वायूला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीनं धरून ठेवतं. माणूस जिवंतपणी त्या धुरात सापडला असेल तर हा वायू रक्तात भरपूर सापडतो. मात्र उलट बाजूनं घाई करू नये. पेट्रोलसारखा भडका एकाएकी उडाला, तर माणूस दोन-चार श्वासांतच संपतो, आणि रक्तात तो वायू फारसा सापडत नाही. म्हणून काजळी नाही, वायू नाही, म्हणजे खून झालाच, असं म्हणता येत नाही. सगळे पुरावे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

आता देहाकडून घराकडं येऊ. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल नावाचं शहर आहे. तिथं १९९० सालच्या ऑक्टोबरमध्ये एका लाकडी घराला आग लागून सहा जण मेले. घरधन्याची बायको त्यांत होती. तो स्वतः आणि त्याचा लहान मुलगा वाचले. तो म्हणाला, मुलानं खेळता खेळता कोच पेटवला. तपास करणाऱ्यांना ते पटलं नाही. आग फार लवकर पसरली होती आणि जमिनीवर काहीतरी ओतून पेटवल्यासारखे जळके पट्टे होते. त्यांनी नवऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला.

सरकारी वकिलानं दोन आगतज्ज्ञांची मदत घेतली. योगायोग असा की, त्याच रस्त्यावर तशाच बांधणीचं एक घर पाडण्यासाठी रिकामं केलेलं होतं. १९९१ साली तज्ज्ञांनी त्यात तसेच गालिचे, तसेच पडदे, तसाच कोच मांडला आणि फक्त कोच पेटवला. रॉकेल नाही, पेट्रोल नाही, काही नाही. पाच मिनिटं व्हायच्या आत ती खोली आढ्यापासून जमिनीपर्यंत एकदम पेटून उठली. आग विझवून पाहतात तो जमिनीवर तसेच पट्टे! छताखाली साठलेला तापलेला धूर खालच्या वस्तूंना इतकं तापवतो की एका क्षणी सारी खोली एकदम भडकते. अशा आगीत जमीनही जळते. त्यासाठी कोणी काही ओतावं लागत नाही. सरकारनं आरोप मागं घेतला. सतराशे वर्षांपूर्वी चांग च्यूच्या प्रयोगानं गुन्हेगार सापडला. या प्रयोगानं एक माणूस खुनाच्या आरोपातून सुटला.

पण प्रत्येकाच्या नशिबी शेजारचं रिकामं घर नसतं. त्याच वर्षी, १९९१ च्या २३ डिसेंबरला, टेक्सस राज्यातल्या कॉर्सिकाना गावी एका घराला आग लागली. आई बाहेर गेली होती. तीन लहान मुली मेल्या आणि तरुण बाप वाचला. इथंही तेच पट्टे सापडले. खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या, त्याही 'काही ओतून पेटवल्याची खूण' धरल्या गेल्या. वास्तविक अशा चिरा तापलेल्या काचेवर आग विझवणाऱ्यांचं थंड पाणी पडलं म्हणजे पडतात. शिक्षक मित्रांनो, तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, हे तुमच्या जुन्या माणसांना विचारा.

त्याहून मोठी गोष्ट माणसांची. आग लागली त्या दिवशी शेजारी सांगत होते, बाप वेड्यासारखा आक्रोश करत होता. पुढं संशय त्याच्यावर आला, तशा काही जणांच्या जबान्या फिरल्या. त्याचं रडणं खोटं वाटू लागलं. त्यानं आपली मोटार आगीपासून बाजूला घेतली होती, त्याचाही वेगळा अर्थ लावला गेला. तो बायकोला मारहाण करी, ही गोष्टही खटल्यात आली. माणूस वाईट नवरा होता हे खरं असेल. पण वाईट नवरा म्हणजे मुलींचा खुनी, हे कसं? २००४ सालच्या १७ फेब्रुवारीला त्याला मृत्युदंड दिला गेला. २००९ साली टेक्सस राज्याच्याच न्यायविज्ञान आयोगानं नेमलेल्या तज्ज्ञानं सांगितलं की आग मुद्दाम लावली, या निष्कर्षाला शास्त्राचा आधार नव्हता. तोवर तो माणूस जाऊन पाच वर्षं झाली होती.

आता आपल्या त्या गावाकडच्या घराकडं परत येऊ. देह डॉक्टरकडं गेला, घर तपासनिसांनी पाहिलं. आता त्या दोन बायका आणि तो भाऊ. त्यांना विचारायचं नाही का? विचारायचंच. मोडलेल्या संसारात राग असतो, पोटगीचा वाद असतो, जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव असतं, कधी विम्याचे पैसे असतात. पण विचारायचं ते प्रत्येकाला वेगवेगळं बसवून, आणि सगळ्यांना तेच प्रश्न. त्या रात्री कुठं होता? कोणी पाहिलं? एस.टी.चं तिकीट, डेअरीतली दूध घातल्याची नोंद, मोबाइलचा तपशील, यांनी ते ताडून पाहायचं. हातावर भाजल्याच्या खुणा, जळालेले केस आहेत का, ते डॉक्टरला दाखवायचं. बाजारात दिलेली धमकी हे चौकशीचं कारण आहे. तो पुरावा नव्हे. पुरावा हवा तो त्या रात्रीचा.

आणि एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. काडीमोड झालेली बायको नुसती संशयित नसते. ती त्या घराची सगळ्यांत जाणती साक्षीदार असते. रॉकेलचा डबा कुठं असे, दाराला कडी आतून लावत की नाही, तो अंथरुणात बिडी ओढी का, दिवा विझवून झोपे का, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पारानं तिला आधीच खुनी ठरवलं की ती तोंड मिटते, आणि तिच्याबरोबर ही सारी माहितीही मिटते.

मग अशा वेळी गावानं काय करावं?

पहिलं, जीव वाचवण्यासाठी आणि आग विझवण्यासाठी जे लागेल ते बेलाशक करा. पण आग विझली की जागा राखा. राख लोटू नका, पडझड आवरू नका, माणसांचा गराडा पडू देऊ नका. रॉकेल शेणानं सारवलेल्या जमिनीत मुरतं आणि खालच्या मातीत पुष्कळ वेळ टिकतं. ती माती हवाबंद डब्यात भरून न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली, तर तिथं त्याचा माग लागतो. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली तर वाफ निघून जाते आणि साक्षही जाते.

दुसरं, प्रेत घाईनं स्मशानात नेऊ नका. दुःख मोठं असतं, नातलग म्हणतात, "आता चिरफाड कशाला?" पण काजळी आणि वायू यांची साक्ष एकदा चितेवर गेली की ती परत येत नाही.

तिसरं, खबर द्या. गावात अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर त्याची माहिती पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवणं हे एकट्या पोलीस पाटलाचं काम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ प्रमाणं ते गावातल्या प्रत्येक रहिवाशाचं कर्तव्य आहे. जुन्या कायद्यातही ते होतंच. आणि मयत स्त्री असेल व लग्नाला सात वर्षं झाली नसतील, तर वैद्यकीय तपासणीची तरतूद अधिक कडक आहे, हेही ध्यानात ठेवा.

चौथं, पंच म्हणून बोलावलं तर मागं सरू नका. अशा मृत्यूचा पंचनामा आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर व्हावा, असा कायदा आहे. गुरुजी, बहुतेक वेळा ते बोलावणं तुम्हांलाच येतं. कागद न वाचता सही करू नका. दार आतून बंद होतं की उघडं, प्रेत कोणत्या खोलीत आणि कसं पडलं होतं, भिंत कुठं जास्त काळी होती, डबा आडवा होता की उभा, हे डोळ्यांनी पाहा आणि पाहिलं तेवढंच लिहवून घ्या. ऐकलेलं त्यात घालू देऊ नका. कॉर्सिकानाच्या शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी पाहिलेलं कागदावर पक्कं धरलं असतं, तर पुढचं बोलणं त्याच्याशी ताडता आलं असतं.

त्या एकट्या माणसाच्या घराचं पुढं काय झालं, हे मी सांगणार नाही. कारण ते घर कल्पनेतलं आहे. पण उद्या एखाद्या गावात तशी रात्र उगवली, तर पहाटे पारावर निकाल लागायच्या आधी कोणीतरी एकानं म्हणावं, "थांबा रे, आधी बघू तर द्या." तेवढं म्हणणारा माणूस तुमच्या गावात असावा, एवढंच मागणं मागून आपली रजा घेतो.