हौशी गिटारवाल्याचा प्रेमविषयक सल्ला

आमच्या सोलापुरांत ब्राह्मणाच्या मुलानें वाद्य हातीं धरलें कीं वडील मंडळींस प्रथम राम जोशी आठवतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच गांवीं एका जोशी घराण्यांत तो जन्मला, तमाशाच्या नादीं लागला, आणि थोरले बंधु मुद्गलभट्ट यांनीं त्याला घराबाहेर काढलें, ही कथा येथें सर्वांस पाठ आहे. त्याच राम जोशानें पुढें पंढरपुरास राहून संस्कृताचें अध्ययन केलें व कीर्तनेंहि केलीं, हा भाग मात्र सांगणारांच्या सोयीनें गळतो. १९४७ सालीं ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला, तेव्हां आमच्या आजोबांनीं तो दोनदां पाहिला म्हणे. मीं गिटार घरीं आणली त्या दिवशीं आमचे थोरले चुलते अण्णा एवढेंच म्हणाले, “डफ तरी आपला होता!”

अण्णांच्या खोलींत पेटी होती. मीं धीर करून सांगितलें कीं, ही पेटी फ्रान्सची माहेरवाशीण आहे. तिच्यांत मींड निघत नाहीं, तिचे सूर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, अशा आक्षेपांवरून रेडिओनें तिला १९४० सालीं बंदी केली, ती १९७१ पर्यंत कांहीं सुटली नाहीं. उलट गिटारीवर मींड उत्तम निघते. ती मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी सरकविण्याची तऱ्हा हवाई बेटांवरून आली. ब्रिजभूषण काबरा यांनीं तिच्यावर राग वाजवून दाखविले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मांचें संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. अण्णांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. “काबरा वाजवितात ती गिटार,” ते म्हणाले. “तूं वाजवितोस तें काय, तेवढें सांग.”

तें काय, हें आजतागायत ठरलेलें नाहीं. मला सात-आठ सुरावटी येतात. त्याहि मी माडीवर बसून, गिटारीवर सोलापुरी चादर घालून वाजवीत असें. आमच्या चादरीची वीण घट्ट. तिनें थंडी अडते तसा बेसूरहि बराचसा अडतो.

असें असतां घरांतील तरुण मंडळी प्रेमविषयक सल्ल्यासाठीं माझ्याकडे कां येतात? गिटारवाल्यास त्यांतलें कळत असावें, असा चित्रपटांनीं करून दिलेला समज, दुसरें काय! परवां धाकट्या भावाचा मुलगा गिटार मागावयास आला. “काका, एक मुलगी आहे. तिच्यापुढें एक गाणें वाजवायचें आहे. शिवाय थोडा विनोद करीन. पु. ल. देशपांडे नाहीं का, पेटीहि वाजवीत आणि हंसवीतहि?”

मीं त्याला बसविलें. पुलंचें नांव घेतलेंस तर तें पुरतें घे. सभा हंसवून सोडणारा हा गृहस्थ वसंतराव देशपांड्यांच्या मागें पेटी घेऊन बसे, तेव्हां साथीदार होऊन बसे. शिवाय त्यांच्याशीं संसार करणें म्हणजे काय, हें सुनीताबाईंनीं १९९० सालच्या ‘आहे मनोहर तरी’ मध्यें लिहून ठेवलें आहे. तें वाचल्यावांचून मुली हंसविण्याचा बेत कोणीं करूं नये.

त्यानंतर मीं त्याला स्वतःची गोष्ट सांगितली. तुझी काकू चांगली गाते. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळीं ती गाई व मी वाजवीं. माझ्या सुरावटी सगळ्या पांढरी तीनच्या. खालच्या सुरांवर तिचा आवाज विरून जाई. मी मनांत म्हणें, रियाज कमी पडतो, आणि एकदोनदां तसें बोलूनहि दाखविलें. पुढें तिनें गाणेंच सोडलें. घरांत पाहुणे, सणवार, दुखणीं. कारणें पुष्कळ सांपडतात. मीहि विचारलें नाहीं.

बारा वर्षांनीं एका मित्रानें मला कॅपो दिला. हा एक लहानसा चिमटा. गिटारीच्या मानेवर आवळला कीं बोटें तींच ठेवून पट्टी चढते. मीं तो चौथ्या पडद्यावर लावला. काळी चार झाली. स्वयंपाकघरांत कणीक मळतां मळतां ही गुणगुणूं लागली, आणि एकाएकीं पूर्ण गळ्यानें गाऊं लागली. असा तिचा आवाज मीं कधीं ऐकलाच नव्हता. मी धांवत जाऊन म्हटलें, “अग, तूं किती छान गातेस!” ती कणकेकडे पाहतच म्हणाली, “ही माझी पट्टी आहे. आजवर तुमच्या पट्टींत गात होतें.”

“तेव्हां बाबा,” मीं पुतण्यास म्हटलें, “गिटार खुशाल ने. पण वाजविण्याआधीं तिची पट्टी विचार.”

महिन्याभरानें स्वारी परत आली. चेहरा उतरलेला. “काका, विचारलें. तिला गाण्याची मुळींच आवड नाहीं.”

“मग कशाची आहे?”

“आकाशपाळण्याची. गड्डा भरला कीं जाऊं म्हणाली.”

सिद्धेश्वराची यात्रा पंधरा दिवसांवर आली होती. मी कांहीं बोलणार, तोंच स्वयंपाकघरांतून आवाज आला, “अहो, त्याला म्हणावें, गिटार घरींच ठेवून जा.”