गोफण, गिरकी आणि ८६.७४

ज्वारी दाण्यात आली की शेतात माळा उभा राहतो आणि माळ्यावर गोफण घेऊन राखणदार. गोफणीत दगड घालायचा, डोक्याभोवती गरागरा फिरवायचा आणि नेमक्या क्षणी एक दोरी सोडून द्यायची. नुसत्या हाताने बांधाच्या अलीकडे पडणारा दगड गोफणीतून पार पलीकडच्या शेतात जातो. ज्याने हे पाहिलं आहे, त्याला हातोडाफेक वेगळी समजावून सांगायला नको. ज्याने पाहिलं नाही, त्याच्यासाठी दोन आकडे पुरेत. पुरुषांच्या गोळाफेकीतला गोळा ७.२६ किलोचा आणि हातोडाफेकीतला हातोडाही तेवढ्याच वजनाचा. गोळाफेकीचा विश्वविक्रम २३.५६ मीटरचा, अमेरिकेच्या रायन क्राउझरने २०२३ मध्ये केलेला. हातोडाफेकीचा विश्वविक्रम आहे ८६.७४ मीटर. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकीपुढे एक मांडल्या, तरी वर सहा मीटर उरतात.

हा दुसरा आकडा ३० ऑगस्ट १९८६ चा. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात, नेकार स्टेडियमवर, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तो लिहिला गेला. २०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेनंतरही तो तसाच होता.

नावापुरता हातोडा

या खेळात हातोडा फक्त नावापुरता आहे. प्रत्यक्षात असतो धातूचा गोळा, त्याला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला धरायची मूठ. सगळं मिळून लांबी जास्तीत जास्त १२१.५ सेंटिमीटर. नाव मात्र खरं आहे. स्कॉटलंड-आयर्लंडकडे दांड्याचा जड घण भिरकावण्याच्या शर्यती लागत, त्यातून हा खेळ आला. १९०० मध्ये तो पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला आणि पहिली तिन्ही सुवर्णपदकं आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेकडून खेळणाऱ्या जॉन फ्लॅनगनने नेली. आपल्याकडे या खेळाचा सर्वांत ओळखीचा माणूस बहुतेकांना खेळाडू म्हणून ठाऊकच नाही. दूरदर्शनच्या ‘महाभारता’त गदा घेऊन फिरणारा भीम, म्हणजे प्रवीणकुमार सोबती, १९६६ च्या किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचं रौप्यपदक जिंकून आला होता.

फेक होते २.१३५ मीटर व्यासाच्या काँक्रीटच्या वर्तुळातून. तिन्ही बाजूंना उंच जाळीचा पिंजरा, कारण चुकून सुटलेला हातोडा प्राणघातक ठरू शकतो. खेळाडू आधी जागेवर उभं राहून हातोडा डोक्यावरून एक-दोनदा फिरवतो, मग स्वतःच त्याच्यासोबत गिरक्या घेऊ लागतो. टाच, चवडा, पुन्हा टाच. गोळ्याला खरा वेग दोन्ही पाय जमिनीवर असतानाच देता येतो, असं प्रशिक्षक सांगतात, म्हणून उचललेला पाय लवकर खाली आणण्यात सगळं कसब. सुटताना गोळ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. त्या क्षणी तो खेळाडूला साधारण साडेतीनशे किलोच्या जोराने बाहेर ओढत असतो, आणि खेळाडू मागे रेलून तेवढ्याच जोराने त्याला आत धरून ठेवतो. कोण कुणाला फिरवतंय, हे बघणाऱ्याला कळत नाही. तार जरा ढिली पडली की फेक वाया.

दोघांची ओढाताण

हा विक्रम करणारा युरी सेदिख १९५५ मध्ये नोवोचेर्कास्कला जन्मला आणि युक्रेनमध्ये वाढला. त्याचे गुरू अनातोली बोंदारचुक हे स्वतः १९७२ चे ऑलिम्पिक विजेते. कमी-जास्त वजनाचे हातोडे फेकून सराव करण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये एकवीस वर्षांच्या सेदिखने सुवर्ण जिंकलं आणि गुरुजींना कांस्य मिळालं. शिष्याकडून हरण्यात आनंद मानावा म्हणतात. इथे तर शिष्य घडवणारेही तेच होते.

पण सेदिखला घडवणारा दुसरा एक माणूस होता, सेर्गेई लित्विनोव. त्याच सोव्हिएत संघातला, वयाने लहान. सेदिख तीन गिरक्या घ्यायचा, लित्विनोव चार. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सेदिखने ८१.८० मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं, लित्विनोव दुसरा. मग लित्विनोवने विक्रम ८४ मीटरपलीकडे नेला आणि १९८३ ला हेलसिंकीत पहिल्या जागतिक स्पर्धेत सेदिखला मागे टाकलं. १९८४ मध्ये सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला. ऑलिम्पिकच्या महिनाभर आधी हे दोघे आयर्लंडमधल्या कॉर्कला समोरासमोर आले. सेदिख ८६.३४, लित्विनोव ८५.२०. ऑलिम्पिकचं सुवर्ण ७८.०८ मीटरला गेलं.

सहा फेऱ्या

श्टुटगार्टला सेदिख आला तो जूनमध्ये ताल्लिनला ८६.६६ चा नवा विक्रम करून आणि सलग तिसऱ्या युरोपीय विजेतेपदासाठी. पहिल्याच फेरीत लित्विनोवने ८५.७४ टाकले. सेदिखची पहिली फेक ८३.९४. दुसरी ८५.२८. तिसरी ८५.४६. प्रत्येक फेक आधीच्यापेक्षा लांब, तरी निम्मी स्पर्धा संपली तेव्हा तो अठ्ठावीस सेंटिमीटरने मागेच.

चौथ्या फेरीत ८६.७४. स्वतःच्या विक्रमाहून आठ सेंटिमीटर पुढे.

इथे कुणीही थांबला असता. सेदिखची पाचवी फेक ८६.६८, म्हणजे सकाळपर्यंतचा विश्वविक्रम तिनेही मोडला असता. सहावी ८६.६२, जुन्या विक्रमापासून चार सेंटिमीटर अलीकडे. या सहा फेकींची सरासरी काढली तर ८५.७९ येते, म्हणजे त्याची सरासरी फेक लित्विनोवच्या सर्वोत्तम फेकीपेक्षा पाच सेंटिमीटरने लांब होती. तिसरा आला इगोर निकुलिन, बरोबर ८२ मीटरवर. तिन्ही पदकं सोव्हिएत.

विक्रमावरची सावली

त्या काळाविषयी बोलताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. स्पर्धेबाहेर अचानक होणाऱ्या उत्तेजक चाचण्या तेव्हा जवळपास नव्हत्याच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली १९९९ मध्ये. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या अनेक विक्रमांकडे संशयाने पाहिलं जातं. २००५ पूर्वीचे विक्रम यादीतून काढावेत, असा प्रस्ताव युरोपीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०१७ मध्ये मांडलाही होता. तो अमलात आला नाही.

पण चाचण्या कडक झाल्यानंतरचा काळही निष्कलंक नाही. २००५ मध्ये बेलारूसच्या इव्हान तिखॉनने ८६.७३ मीटर फेक केली, विक्रमाला फक्त एक सेंटिमीटर कमी. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात ती रद्द झाली. मान्य फेकींत २०२५ पर्यंत पंच्याऐंशी मीटर ओलांडणारी माणसं दोनच, सेदिख आणि लित्विनोव. जपानचा कोजी मुरोफुशी २००३ मध्ये ८४.८६ पर्यंत पोहोचला. कॅनडाच्या एथन कॅट्झबर्गने २०२५ ला टोकियोत ८४.७० फेकून जागतिक विजेतेपद राखलं. आज जवळपास सगळे चार गिरक्या घेतात. ८६.७४ तीन गिरक्यांचं आहे.

नेकार स्टेडियममधली धावपट्टी उखडून आता तिथे निव्वळ फुटबॉलचं मैदान झालं आहे. लित्विनोव २०१८ मध्ये गेला, सेदिख २०२१ मध्ये फ्रान्समध्ये. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये लित्विनोवने ८४.८० फेकून सेदिखला हरवलं होतं आणि तो ऑलिम्पिक विक्रम २०२४ च्या पॅरिसनंतरही टिकून होता. श्टुटगार्टची त्याची पहिली फेक त्याहून चौऱ्याण्णव सेंटिमीटर लांब होती. आजवरचं कुठलंही ऑलिम्पिक, कुठलीही जागतिक स्पर्धा ती जिंकून गेली असती. त्या दिवशी तिला रौप्यपदक मिळालं. विक्रमाच्या यादीत नाव एकट्या सेदिखचं आहे, पण तार ताणलेली राहायला दोन्ही टोकांना कुणीतरी लागतं.