घरच्या कार्यशाळेसाठी पहिला टेबल सॉ निवडताना

टेबल सॉ म्हणजे मेजाच्या फटीतून वर आलेले गोल, फिरते पाते असलेले यंत्र. त्यात पाते जागीच राहते आणि लाकूड त्याच्याकडे सरकवावे लागते. ग्राहक बहुधा मोटरची ताकद आधी विचारतो, परंतु कापाची अचूकता मुख्यतः फेन्सवर, म्हणजे लाकूड ज्या सरळ पट्टीला टेकवून पुढे नेतात तिच्यावर अवलंबून असते, आणि ही पट्टी घट्ट केल्यावर पात्याला समांतर राहत नसेल तर लाकूड तिच्या व पात्याच्या मध्ये अडकून वेगाने मागे उसळते. या उसळीला ‘किकबॅक’ म्हणतात. तिला आवर घालणारी रायव्हिंग नाइफ ही पात्यामागची पातळ पट्टी असते, जी पात्याबरोबर वरखाली होते आणि कापलेली फट मिटू देत नाही. आपल्याकडे प्लायवुडच्या मेजाखाली हातकटर उलटा बसवून काम भागवले जाते. त्यात ही पट्टी बहुधा नसतेच, त्यामुळे ती काटकसर महागात पडू शकते.

लहान जागेत 10 इंची पात्याचे, उचलून नेता येणारे यंत्र सोयीचे असले तरी त्याची मोटर कर्कश असते. सोबत मिळालेले पाते सहसा सामान्य दर्जाचे असते. लाकूड रेषांच्या दिशेने चिरायला सुमारे 24 दातांचे, तर प्लायवुडसाठी 60 किंवा अधिक दातांचे पाते घ्यावे. रायव्हिंग नाइफ नसलेले यंत्र मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.