सोळापैकी किती बरोबर?

खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प घ्यायला गेलं की खोक्यावर ‘३२-बिट’ असं ठसठशीत छापलेलं दिसतं. हल्ली अशा बहुतेक यंत्रांत अंकांचं विजेच्या दाबात रूपांतर करणारी डॅक चिपही असते. ३२-बिट म्हणजे ती चिप आवाजाच्या लाटेची उंची ४,२९,४९,६७,२९६ पायऱ्यांत मोजायला तयार आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली, तेव्हापासून तिचं ६५,५३६ पायऱ्यांत भागतं आहे. २४-बिट ध्वनिमुद्रणात पायऱ्या होतात १,६७,७७,२१६. आणखी आठ बिट वाढवले की थेट चारशे एकोणतीस कोटी. छापायला शाई तेवढीच लागते.

या पायऱ्या व्होल्टमध्ये मोजून बघू. अ‍ॅपलचं हेडफोनसाठीचं छोटं यूएसबी-सी डोंगल अमेरिकेत ९ डॉलरला मिळायचं आणि जास्तीत जास्त १ व्होल्ट द्यायचं. म्हणजे लाटेच्या माथ्यापासून तळापर्यंत २.८३ व्होल्ट. त्याचे सीडीच्या हिशेबाने तुकडे केले तर एक पायरी ४३ मायक्रोव्होल्टची पडते. २४-बिटच्या हिशेबाने ०.१७ मायक्रोव्होल्टची, आणि ३२-बिटच्या हिशेबाने ०.६६ नॅनोव्होल्टची, म्हणजे एका व्होल्टचा दीडशे कोटीवा भाग.

आता एक हजार ओहमचा एक साधा रेझिस्टर घ्या. त्याला काहीही जोडू नका, टेबलावर नुसता पडू द्या. खोलीच्या तापमानाला त्याच्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने अखंड धडपडत असतात. त्या धडपडीने त्याच्या दोन टोकांमध्ये आपोआप एक इवलासा विद्युतदाब उभा राहतो, आणि ऐकू येणाऱ्या कंपनांच्या पट्ट्यात तो सुमारे ०.५७ मायक्रोव्होल्ट भरतो. बेल लॅब्जमध्ये जॉन जॉन्सनने हा आवाज मोजला आणि हॅरी नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ सालचे. रेझिस्टर कितीही महागाचा आणला तरी हा आवाज जात नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून उणे १९६ अंशांवर नेला, तरी तो फक्त निम्म्यावर येतो. ३२-बिटच्या जवळजवळ ८७० पायऱ्या या एका रेझिस्टरच्या उष्णतेत बुडतात. २४-बिटच्या शेवटच्या तीन पायऱ्याही त्यातच जातात. चिपच्या आत आवाज कमी-जास्त करण्याचा हिशेब करताना ३२ बिट खरोखर उपयोगी पडतात, तेव्हा तो आकडा खोटा नाही. फक्त तो कानापर्यंत पोहोचणारा नाही.

कानाची मात्र थट्टा करायची सोय नाही. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज या दाबात २० मायक्रोपास्कलचा फरक करतो, म्हणजे साधारण पाचशे कोटीत एक. १,००० हर्ट्झच्या अशा आवाजाने हवेचा कण जागच्या जागी जेवढा हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढं भरतं. दुसऱ्या टोकाला १२० डेसिबल, जिथे कान दुखायच्या बेतात येतो. या दोन टोकांत दाब दहा लाख पटींनी वाढतो आणि ऊर्जा एक लाख कोटी पटींनी. एवढा पल्ला मेंदूला कळवायला प्रत्येक कानात आतल्या रोमपेशी असतात अवघ्या साडेतीन हजार. डोळ्यात नुसत्या दंडपेशीच बारा कोटींच्या आसपास असतात, हे लक्षात घेतलं तर कानाची काटकसर थक्क करणारी आहे.

मेख अशी, की हा सगळा पल्ला कान एकाच वेळी वापरू शकत नाही. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळचा लहान आवाज झाकला जातो. शिवाय रात्रीची शांत म्हणावी अशी खोलीही ३० डेसिबलच्या घरात असते.

तरीही अ‍ॅम्पचं काम सोपं नाही, कारण त्याला काय जोडलं जाईल याचा नेम नसतो. कॅम्पफायर ऑडिओच्या ‘अँड्रोमेडा’ या इयरफोनला ९४ डेसिबल आवाज काढायला ७ मिलिव्होल्ट पुरतात. त्याचा रोध १२.८ ओहम आहे, तेव्हा वीज लागते ३.८ मायक्रोवॉट. हायफायमॅनचा ‘एचई-६’ हा मोठा हेडफोन ५० ओहमचा, आणि एक मिलिवॉटला ८३.५ डेसिबल देणारा. तोच ९४ डेसिबल काढायला त्याला ११ मिलिवॉटच्या वर वीज लागते, म्हणजे २,९०० पट. शिवाय ठेका जोरात पडतो त्या क्षणी २० डेसिबलची जागा मोकळी हवी, असं धरलं तर एका कानाला एक वॉटहून जास्त. दोन्हींची पिन त्याच भोकात जाते आणि दोन्हींसाठी बटणही तेच फिरवायचं.

३.८ मायक्रोवॉट किती कमी आहेत, हे बॅटरीवरून कळतं. १,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची बॅटरी आपली सगळी वीज फक्त अँड्रोमेडाच्या दोन कानांना देत राहिली, आणि मध्ये स्वतःहून उतरली नाही, तर ९४ डेसिबलचा आवाज सुमारे ५५ वर्षं चालू राहील. प्रत्यक्षात दहा तासांत चार्जर शोधावा लागतो. बाकीची वीज अ‍ॅम्प स्वतः जागं राहण्यात संपवतो. इयरफोनच्या वाट्याला येते ती ४८,००० भागांतला एक भाग.

त्याहून चक्रावणारी गोष्ट तारेत चालते. अँड्रोमेडाला जोडलेली तांब्याची तार ०.१ चौरस मिलिमीटर छेदाची धरली आणि तोच ९४ डेसिबलचा १,००० हर्ट्झचा सूर वाजवला, तर तारेतले इलेक्ट्रॉन संगीताच्या तालावर एका बाजूला सरासरी ०.०९ नॅनोमीटर सरकतात आणि परत येतात. तांब्याच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.२५ नॅनोमीटर आहे. म्हणजे हा सूर कितीही वेळ वाजला तरी सरासरी हिशेबाने कुठलाही इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूपर्यंतही जात नाही. हेच इलेक्ट्रॉन एकीकडे वाट्टेल त्या दिशांना सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने धावत, आपटत असतात. त्या प्रचंड गोंधळात संगीताचा वाटा सेकंदाला अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी वेगाच्या एका झुकावाएवढा. आणि कान तो झुकाव ओळखतो, त्यातून गाणारी कोण हेही सांगतो.

आता परीक्षणाकडे येऊ. समजा, एका अ‍ॅम्पची स्वतःची खरखर ५ मायक्रोव्होल्ट आहे. ती अँड्रोमेडात ३१ डेसिबलने ऐकू येते. शांत खोलीत गाणं थांबवलं की सूंऽऽ असा आवाज जाणवतो. तीच खरखर एचई-६मध्ये उणे साडेनऊ डेसिबलवर जाते. तिथे ती ऐकू शकणारा माणूस जन्माला आलेला नाही. दोघे जण एकच अ‍ॅम्प घेऊन बसले, तर एक म्हणेल ‘खरखरतो’, दुसरा म्हणेल ‘नितळ शांत’. दोघेही खरं बोलत असतील. कशावर ऐकलं हे न सांगता अ‍ॅम्पबद्दल दिलेल्या अभिप्रायाला म्हणूनच काडीची किंमत देऊ नये.

असाच एक दुर्लक्षित आकडा म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध. १९९६च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात हेडफोनच्या जोडणीसाठी तो १२० ओहम सुचवला होता. आजच्या इयरफोनांना तो पार बिघडवून टाकेल. एखाद्या इयरफोनचा रोध वेगवेगळ्या सुरांना ५ ते ४० ओहम असा बदलत असेल, आणि अ‍ॅम्पचा रोध नुसता १० ओहम असेल, तरी काही सूर इतरांपेक्षा साडेसात डेसिबल दबतात. कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय हा फरक लहान मुलालाही कळेल. अ‍ॅम्पचा रोध अर्ध्या ओहमवर आणला की हाच फरक पाऊण डेसिबलच्या आत येतो.

अशा कमी रोधाचा आग्रह एका अनामिकाने धरला. २०११ साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाच्या अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह-२’ नावाच्या छोट्या अ‍ॅम्पचा आराखडा मोजमापांसकट सगळ्यांसाठी खुला केला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एनजेएम२०६८ आणि एनजेएम४५५६ या स्वस्त चिपा, एकूण सुटे भाग साधारण ३० डॉलरचे. त्याचा स्वतःचा रोध ०.५४ ओहम. शेकडो डॉलरच्या यंत्रांशी त्याने या अ‍ॅम्पची आकड्यांवर तुलना करून दाखवली. विक्रेते चिडले, शौकीन दोन तट करून भांडले. २०१२ साली तो एकाएकी गप्प झाला आणि कोण होता हे आजतागायत उघड झालेलं नाही. मला विचाराल तर हेडफोनच्या जगातला हा सर्वांत सुरस माणूस, आणि त्याने लोकांना लावलेली मोजायची सवय त्या अ‍ॅम्पपेक्षा मोलाची.

मोजणीच्या बाजूने मात्र शर्यत आता हाताबाहेर गेली आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओपीए१६१२ ही चिप घ्या. तिच्या माहितीपत्रकात डिस्टॉर्शन दिलं आहे ०.००००१५ टक्के, म्हणजे एक कोटीत दीड. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ९४.५ किलोमीटरांत दीड सेंटिमीटरहूनही कमी चूक. डिस्टॉर्शन म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जादा सूर मिसळणं. आता तानपुरा लावा. जवारीमुळे त्याच्या एका तारेतून असे दुप्पट, तिप्पट, चौपट सूर डझनांनी उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या लेखात त्यामागचं कारण शोधलं होतं. तारेचा स्वतःचा दुप्पट सूर ढळढळीत वाजत असताना अ‍ॅम्पने त्याच जागी एक लाखांश भर घातली काय किंवा कोट्यंश घातली काय, रियाजी कानालाही वेगळं काढता येणार नाही. तरीही मैफल ऐकून ‘या अ‍ॅम्पवर तानपुरा जास्त खुलतो’ असं सांगणारे भेटतात, आणि ते अगदी मनापासून सांगत असतात.

बऱ्याचदा त्यांनी खरोखरच काहीतरी वेगळं ऐकलेलं असतं. दुसरा अ‍ॅम्प किंचित मोठ्याने वाजत असतो, इतकंच. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ वाटत नाही, ‘मोकळा’ वाटतो, ‘खोल’ वाटतो. म्हणून तुलनेआधी व्होल्टमीटर लावून दोन्ही अ‍ॅम्पची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात. विजेच्या दाबात हा फरक १.१६ टक्क्याचा. छोट्या अ‍ॅम्पच्या बटणाला बोटाने हे जमत नाही. आवाज अगदी कमी असताना त्या बटणाचा डावा-उजवा कानसुद्धा एकमेकांशी जुळत नाही.

पातळी जुळली की डोळे बाद करायचे. अ आणि ब असे दोन अ‍ॅम्प, आणि तिसरा क्ष, जो दरवेळी त्या दोघांपैकी एक असतो. क्ष कोण ते ओळखायचं, असं सोळा वेळा. नुसता अंदाज मारून सोळाच्या सोळा बरोबर येण्याची शक्यता ६५,५३६त एक. सीडीच्या पायऱ्या जेवढ्या, बरोबर तेवढीच, कारण दोन्हीकडे दोनाचा सोळावा घात. इतकं कडक कोणी मागत नाही. सोळापैकी बारा बरोबर आले तरी फरक ऐकू आला असं मानायची रीत आहे. बारा किंवा जास्त नुसत्या अंदाजाने येण्याच्या वाटा ६५,५३६पैकी २,५१७, म्हणजे सव्वीसात एक.

रिचर्ड क्लार्क या अमेरिकन कार-ऑडिओ तज्ज्ञाने यापेक्षा कडक पण लावला होता. पातळी जुळवलेल्या दोन पॉवर अ‍ॅम्पमधला फरक ओळखा, बाराच्या दोन फेऱ्या, चोवीसच्या चोवीस बरोबर, आणि १०,००० डॉलर घेऊन जा. अंदाजाने ते जमण्याची शक्यता १,६७,७७,२१६त एक, हुबेहूब २४-बिटच्या पायऱ्यांएवढी. ते पैसे कोणी नेले नाहीत. हे थोडं अन्यायाचं होतं असं मला वाटतं. चोवीसपैकी तेवीस ओळखणारा माणूस बहिरा नसतो.

सव्वीसात एक ही मर्यादाही मात्र दिसते तितकी कडक नाही. सव्वीस मित्रांचं टोळकं जमवा, प्रत्येकाला सोळा फेऱ्या द्या आणि दोन्ही बाजूंना गुपचूप एकच अ‍ॅम्प जोडून ठेवा. तरी त्यांच्यात निदान एक जण ‘उत्तीर्ण’ होण्याची शक्यता ६४ टक्के निघते. तो छाती ठोकून सांगेल की आपल्याला फरक कळतो. त्याला चहा पाजून पुन्हा सोळा फेऱ्यांना बसवायचं. एका माणसाने दोन्ही वेळा अंदाजानेच तरून जाण्याची शक्यता ६७८त एक. आणि खरोखर वेगळे दोन अ‍ॅम्प असताना तो दुसऱ्यांदाही तरला, तर अ‍ॅम्पची तारीफ लिहायला घेण्याआधी व्होल्टमीटर काढून पातळी पुन्हा तपासायची, दोन्ही कानांची वेगवेगळी.